तुम्ही विचारलंत: मेथ सुटायला इतका वेळ का लागतो?

मागच्या अंकात क्रिस्टल मेथबद्दल (म्हणजे मेथॅम्फेटामीन नावाच्या नशेच्या रसायनाबद्दल) चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतकी पत्रं आणि मेल आले की यावेळी दुसरा विषय घेतच नाहीये. लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी प्रश्न जसे आले तसे ठेवलेत.

प्रश्न: माझा मुलगा 26 वर्षांचा आहे. अमेरिकेत एमएस करायला गेला आणि तिथे क्रिस्टलच्या नादी लागला, दोन वर्षं आम्हाला पत्ताच नव्हता. आता घरी आणलंय, महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं होतं, त्यालाही तीन महिने झाले. घेत नाही, पण दिवसभर लोळत असतो. पुरणपोळी केली तरी "ठेव तिथे" म्हणतो, क्रिकेट बघत नाही, आंघोळीलासुद्धा सांगावं लागतं. ह्यांचं म्हणणं आळशी झालाय, चांगला सुनवायला पाहिजे. डॉक्टर, तो बरा झालाय ना? मग असा का वागतो? - एक आई, सांगली

उत्तर: ताई, हे उत्तर साहेबांनाही वाचून दाखवा, कारण निम्मं उत्तर त्यांच्यासाठीच आहे. हा आळस नाही.

आपल्याला पुरणपोळी आवडते, कोणी शाबासकी दिली की बरं वाटतं, मॅच बघताना हात वर जातात, या सगळ्यामागे मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन काम करत असतं. नेहमी ते थोडं थोडं सुटतं आणि काम झालं की पेशीवरचे छोटे पंप ते परत आत ओढून घेतात. मेथ काय करतं, तर त्या पंपातूनच पेशीच्या आत शिरतं, आत पिशव्यांमध्ये साठवून ठेवलेलं डोपामिन बाहेर काढतं आणि पंपच उलटा फिरवतं, म्हणजे जे आत यायला पाहिजे ते धो धो बाहेर जातं. उंदरांवरच्या प्रयोगांत खाण्याने डोपामिन साधारण दीडपट झालेलं दिसलं आणि मेथचंच भावंड असलेल्या अँफेटामीनने दहापट. त्यात कोकेन रक्तात तासाभरात निम्म्यावर येतं, मेथला निम्म्यावर यायलाच 10 ते 12 तास लागतात. दोन वर्षं असा पूर सोसल्यावर मेंदू स्वतःला वाचवायला दारं-खिडक्या लावून घेतो, पंपांची संख्याही खूप कमी झालेली असते. मग पूर थांबतो पण दारं बंदच राहतात. अशा मेंदूपर्यंत तुमची पुरणपोळी पोचतच नाही हो. त्याला तुमचं प्रेम दिसत नाही असं अजिबात समजू नका, त्याला सध्या कशातच गोडी लागत नाहीये.

मग हे परत जागेवर येतं का? यावर 2001 मध्ये नोरा वोल्कोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला होता (याच बाई पुढे 2003 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या प्रमुख झाल्या). मेथ सोडलेल्या लोकांच्या मेंदूचं स्कॅन त्यांनी सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत एकदा केलं आणि मग 12 ते 17 महिने झाल्यावर परत केलं. दुसऱ्या वेळी मेंदूच्या ज्या भागात हे पंप असतात तिथे ते एका ठिकाणी 19 टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी 16 टक्के वाढलेले दिसले. म्हणजे मेंदू भरून निघतो. पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात: माणसं फक्त पाच होती, आणि पंप वाढले तरी स्मरणशक्तीच्या आणि हालचालींच्या चाचण्यांमध्ये तेवढी सुधारणा झालेली नव्हती.

हिशोब बघा, तिथे वर्ष-सव्वा वर्षाने फरक दिसला आणि तुमच्याकडे तीन महिने झालेत. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत घरच्यांना "महिनाभर आत ठेवा, मग होईल सगळं नीट" असं सांगायचे, आणि त्या एका वाक्याने किती मुलं परत घसरली असतील याचं मला आज फार वाईट वाटतं, कारण महिना संपला की घर म्हणतं आता नोकरी बघ, आता स्थळं बघू, आणि पोराला तर सकाळी उठून दात घासायचाही जोर नसतो.

आत्ता करायचं ते एवढंच की दिवसाला एक बारीक काम त्याच्याकडे द्या, दूध आणणं, कुत्र्याला फिरवणं असं काहीही, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चालायला जा, त्याला एकट्याला पाठवू नका. चालण्या-पळण्याने या लोकांची उदासी आणि बेचैनी कमी होते असं अभ्यासात दिसलंय. झोपेची वेळ सांभाळा. एकदा ईसीजी आणि टूडी इको करून घ्या, मेथने हृदयाचा स्नायू दुबळा होतो, रक्तदाब वाढून तरुण वयात मेंदूत रक्तस्रावसुद्धा होतो, पण हृदयाचं नुकसान लवकर कळलं आणि घेणं बंद राहिलं तर बऱ्याच जणांचं हृदय सुधारतं. दातही दाखवून घ्या, तोंड कोरडं पडून आणि दात करकर चावून ते आतून गेलेले असतात.

आणि तो "जगून काय करू" असं काही बोलला, किंवा कोणीतरी माझ्यावर नजर ठेवतंय, कानात आवाज येतात असं म्हणाला, तर सोमवारची अपॉइंटमेंट बघत बसू नका, त्याच दिवशी मानसोपचार तज्ज्ञाकडे न्या. संशय आणि आवाज बहुतेकांचे सोडल्यावर काही दिवसांत, आठवड्यांत जातात, काहींचे रेंगाळतात, त्यावर औषधं आहेत.

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात राहते. माझा धाकटा भाऊ इथेच असतो आणि मेथ सोडायच्या एका सरकारी प्रोग्राममध्ये जातो. तिथे दर वेळी लघवीची टेस्ट क्लीन आली की त्याला गिफ्ट कार्ड देतात! आई-बाबा पुण्याहून फोनवर म्हणतात की ही तर लाच झाली, चांगलं वागायचे पैसे कसले घेतो. खरं सांगायचं तर मलाही ते पटत नाही. तुमचं काय मत? - एक बहीण

उत्तर: माझं मत विचाराल तर आज मेथसाठी जेवढे म्हणून उपाय आहेत त्यात सगळ्यात भक्कम पुरावा याच उपायाचा आहे, त्यामुळे भावाला तिथून हलवू नका.

वर सांगितलं ते इथे धरून चला. या मेंदूला "पाच वर्षांनी तुझं चांगलं होईल" हे ऐकूच येत नाही, पण आज, आत्ता, हातात मिळणारी छोटी गोष्ट ऐकू येते. नॅन्सी पेट्री नावाच्या संशोधक बाईंनी यावर एक साधी युक्ती काढली. एक मोठा वाडगा, त्यात 500 चिठ्ठ्या. त्यातल्या 250 वर फक्त "शाब्बास" लिहिलेलं, 209 वर एखाद्या डॉलरची वस्तू, 40 वर साधारण वीस डॉलरची, आणि एका चिठ्ठीवर मोठं बक्षीस. टेस्ट क्लीन आली की एक चिठ्ठी काढायची, पुढच्या वेळीही क्लीन आली तर दोन, मग तीन. घेतलंय असं दिसलं की कोणी ओरडत नाही, घालवून देत नाही, फक्त मोजणी परत एकपासून सुरू. म्हणजे निम्म्या वेळा माणसाला निव्वळ शाब्बासकी मिळते आणि तरी तो येत राहतो. 2005 मध्ये अमेरिकेतल्या बऱ्याच केंद्रांमध्ये मेथ आणि कोकेन घेणाऱ्या 415 जणांवर ही पद्धत नेहमीच्या समुपदेशनाच्या जोडीला 12 आठवडे वापरून बघितली, आणि ज्यांना चिठ्ठ्या मिळत होत्या ते जास्त दिवस उपचारात टिकले आणि जास्त दिवस सलग न घेता राहिले. त्यानंतर असे कितीतरी अभ्यास झालेत.

तुमच्या राज्यात 2023 पासून चालू आहे तो मेडी-कॅलचा (कॅलिफोर्नियाच्या सरकारी आरोग्य योजनेचा) प्रोग्राम असावा. 24 आठवडे असतात, पहिले 12 आठवडे आठवड्यातून दोनदा टेस्ट, नंतर एकदा. दहा डॉलरपासून सुरुवात आणि सलग क्लीन राहिलं की दर आठवड्याला दीड डॉलरने वाढ, वर्षाला जास्तीत जास्त 599 डॉलर. दोनदाच का, तर मेथ लघवीत साधारण दोन ते चार दिवस दिसतं, त्यापेक्षा लांब अंतर ठेवलं तर मधलं घेतलेलं निसटून जातं. यात प्रत्येक गोष्टीमागे असं काहीतरी कारण आहे, कोणीतरी दया येऊन वाटलेले पैसे नाहीत ते.

आई-बाबांना सांगा, लाच म्हणजे चुकीचं काम करायला दिलेले पैसे. आपण लेकराला पहिलं पाऊल टाकल्यावर टाळ्या वाजवतोच ना, त्याला कोणी लाच म्हणत नाही. मला मनापासून वाईट वाटतं की आपल्याकडे घरी आणि कित्येक केंद्रांतही व्यसनी माणसाला वठणीवर आणायची भाषाच जास्त चालते, मारहाण झाल्याचं तर मी पेशंटच्या तोंडून कितीदा ऐकलंय, आणि जे खरंच चालतं त्याला आपण लाच म्हणतो.

एक काळजी मात्र खरी आहे, ती म्हणजे बक्षिसं बंद झाली की काहींचा परिणाम ओसरतो. म्हणून त्याच सहा महिन्यांत बाकीचं रचून घ्यायला हवं: समुपदेशन, गट, नवीन मित्र, सकाळी उठायला एक कारण. 16 आठवड्यांचा मॅट्रिक्स नावाचा एक कार्यक्रम तिथे बरीच वर्षं चालतो, त्यात गटचर्चा, घरच्यांचं शिक्षण, टेस्ट सगळं एकत्र असतं, तो जवळ असेल तर चौकशी करा. आणि घरी तुम्ही स्वतः टेस्ट घ्यायला जाऊ नका प्लीज, बहिणीने बहीणच राहावं, कप घेऊन दारात उभं राहिलं की नातं पोलिसाचं होतं. क्लीन टेस्टच्या दिवशी त्याला जेवायला बोलवा, एवढं पुरे.

प्रश्न: मेथ सोडायचं इंजेक्शन निघालंय असं वाचलं. भारतात कुठे मिळेल आणि किती दिवसांत सुटेल?

उत्तर: तुम्ही वाचलं ते बहुतेक डॉ. मधुकर त्रिवेदी आणि त्यांच्या टीमचं 2021 चं संशोधन असणार. 403 लोक होते, दर तीन आठवड्यांनी नाल्ट्रेक्सोनचं लांब टिकणारं इंजेक्शन आणि सोबत रोज 450 मिलिग्रॅम ब्युप्रोपिऑनच्या गोळ्या. खऱ्या औषधावर 13.6 टक्के लोकांना फायदा झाला, नुसत्या दिखाऊ औषधावर 2.5 टक्क्यांना. म्हणजे साधारण नऊ जणांना दिलं तर एकाला जास्तीचा फायदा. हे कमी नाही, इतकी वर्षं हाताला काहीच लागत नव्हतं, पण जादूचं इंजेक्शनही नाही. खास मेथच्या व्यसनासाठी म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने अजून एकाही औषधाला मान्यता दिलेली नाही. मिर्टाझापिन नावाच्या नैराश्यावरच्या गोळीनेही काही अभ्यासांत मेथचं प्रमाण कमी झालेलं दिसलंय. हे सगळं डॉक्टरने ठरवायचं: ब्युप्रोपिऑनने काहींना फिट येऊ शकते, आणि अफूवर्गातलं काही घेत असेल तर नाल्ट्रेक्सोन दिल्यावर फार त्रास होतो. अजून एक, ब्युप्रोपिऑन चालू असताना साध्या पट्टीच्या टेस्टमध्ये अँफेटामीन खोटं दिसू शकतं, सर्दीच्या काही गोळ्यांनीही दिसतं, तेव्हा एका पट्टीवरून पोराला खोटारडा ठरवू नका, लॅबमध्ये पक्की तपासणी करून घ्या.

प्रश्न: आमच्याकडे कॉलेजच्या पोरांमध्ये एमडी चालतं म्हणतात. ते म्हणजेच मेथ का?

उत्तर: नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, तेच ते म्याव म्याव. रसायन वेगळं, घराणं जवळचं. मुंबई-पुण्याकडे मेथपेक्षा याचाच उपद्रव जास्त आहे, 2015 मध्ये ते अंमली पदार्थांच्या कायद्यात आलं आणि 2024 मध्ये कुरकुंभच्या एमआयडीसीतून पुणे पोलिसांनी शेकडो किलो पकडलं ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल. मेथ देशात मुख्यतः म्यानमारकडून येतं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तटरक्षक दलाने अंदमानजवळ एका बोटीतून पाच हजार किलोहून जास्त पकडलं. एमडीचा अंमल लवकर उतरतो म्हणून पोरं एका रात्रीत परत परत ओढत बसतात. आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या साध्या किटमध्ये एमडी बऱ्याचदा दिसतच नाही, त्यामुळे टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नका, पोरगं दोन-दोन रात्री झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, पैसे गायब होत असतील तर त्याच्याशी बोला.

प्रश्न: मुलाला दवाखान्यात न्यायची भीती वाटते. डॉक्टरने पोलिसांना कळवलं तर? त्याचं करिअर संपेल. - एक वडील, ठाणे

उत्तर: दादा, ही भीती मला जवळपास प्रत्येक घरात दिसते आणि तिच्यापायी वर्षं वाया जातात. उपचार घ्यायला आलेल्या पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. शिवाय 1985 च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्यात, 64 अ असं कलम आहे: फक्त सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालत नाही, उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. मेथचं अल्प प्रमाण म्हणजे 2 ग्रॅम. विक्रीच्या भानगडीत अडकला असेल तर हे कलम उपयोगाचं नाही, वकील गाठा, पण उपचार तेव्हाही थांबवू नका.

सुरुवात फोनपासून करा. 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आहे, आणि मन फार खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून काम करतंय. जाताना मुलाला "तुला ॲडमिट करायला नेतोय" असं धमकावून नेऊ नका, आणि "नुसतं फिरायला जाऊ" असं फसवूनही नको. "मला झोप लागत नाही रे, आपण दोघं मिळून डॉक्टरशी बोलू" एवढंच म्हणा, ते तुमच्या बाबतीत खरंही असणार. पहिल्या भेटीत तो गप्प बसेल, बसू दे. दुसरी तारीख घेऊनच बाहेर पडा.