दहावीचं गणित मैत्रिणी मिळून केलं तर खरंच उपयोग होतो का, की नुसता टाइमपास होतो?

तू लिहिलंयस की बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या शाळेत, मराठी मीडियमला दहावीला आहेस, चौघी मिळून गणिताला बसता, पण निम्मा वेळ गप्पात जातो, जी हुशार आहे तिच्या आईला वाटतं पोरीचा वेळ वाया चाललाय आणि एकजण तर काही बोलतच नाही. मीही त्याच भागातली, आमचं गाव जांबोटीकडं, आता बेळगावात बीएस्सी करते. माझं उत्तर होय असं आहे, उपयोग होतो, पण तुम्ही आता जसं बसताय तसं नाही.

आमची दहावीची बॅच २०२० ची. परीक्षा २७ मार्चला सुरू होणार होती आणि लॉकडाऊन लागला, शेवटी २५ जूनला सुरू झाली, गणिताचा पेपर २७ जूनला, तोंडाला मास्क लावून. लॉकडाऊनच्या आधी आम्ही पाचजणी शाळा सुटल्यावर वर्गातच थांबायचो शेवटच्या बसपर्यंत, आणि तेव्हा आमचंही तुमच्यासारखंच चालायचं, म्हणजे जिला येतं ती फळ्यावर गणित सोडवणार आणि बाकीच्या चौघी वहीत उतरवून घेणार, उतरवताना सगळं कळल्यासारखं वाटायचं आणि घरी जाऊन तेच गणित परत करायला घेतलं की दुसऱ्याच ओळीला अडायचं.

लॉकडाऊनमध्ये पाचजणी पाच गावात. आमच्या गावात रेंज घरात यायचीच नाही, वरच्या शेताकडं जायला लागायचं, व्हिडिओ कॉल तर विसरच. मग आम्ही व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवायला लागलो, फोटो अपलोड व्हायला वेळ लागायचा म्हणून नुसतं बोलायचं. आणि बघ, तिथंच गाडी रुळावर आली, कारण वही दाखवता येत नाही म्हटल्यावर प्रत्येक स्टेप तोंडानं सांगायला लागते आणि जिथं कळलेलं नसतं तिथं आवाजच अडखळतो, ते समोरच्याला लगेच ऐकू येतं.

एक उदाहरण सांगते. वर्गसमीकरण, एक्स वर्ग वजा ५एक्स अधिक ६ बरोबर ०, अगदी सोपं, मुळं २ आणि ३. आमच्यातली नंदगडची मैत्रीण सांगत होती, "बी म्हणजे वजा ५, बी वर्ग म्हणजे वजा २५, त्यातनं ४एसी म्हणजे २४ वजा, झालं वजा ४९, म्हणजे वर्गमुळातलं ऋण आलं, म्हणून वास्तव मुळं नाहीत." कसल्या आत्मविश्वासानं सांगितलं होतं! तिला नियम पाठ होता, निष्कर्ष काढायची पद्धतही बरोबर होती, फक्त वजा ५ चा वर्ग करताना चिन्ह तसंच ठेवलेलं. वहीत बघून कुणीतरी "चुकलं" म्हणून लाल रेघ मारली असती आणि तिनं खालची ओळ खोडून २ आणि ३ लिहिलं असतं, संपलं. पण ऐकताना आम्हाला कळलं की ती प्रत्येक गणितात बीची किंमत कंस न घालताच ठेवते, म्हणजे चूक एका गणितातली नाही, सवयीतली आहे. पुढचे आठ दिवस तिनं फक्त किंमत ठेवायची ओळ बोलून दाखवायची, पुढचं सोडवायचंच नाही, असं आम्ही ठरवलं. ती चूक तिच्याकडनं परत झाली नाही.

म्हणून माझं एकच सांगणं आहे, जिला येत नाही तिनं बोलायचं आणि जिला येतं तिनं ऐकायचं. तुमच्यात आता उलटं चाललंय. हुशार मुलीनं उत्तर सांगायचं नाही, फक्त "हे कुठनं आलं गं?" एवढंच विचारायचं. थेल्सचं प्रमेय घे, म्हणजे त्रिकोण एबीसीत बीसीला समांतर रेषा डीई काढली की ती बाकीच्या दोन बाजू सारख्याच प्रमाणात विभागते. सगळ्यांना पाठ असतं, लंब काढा, क्षेत्रफळांची गुणोत्तरं घ्या, पण मधे जी ओळ आहे की बीडीई आणि सीईडी या दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं समान, तिथं "का?" विचारलं की बहुतेकजणी गप्प. दोघांचा पाया डीई एकच, आणि दोन्ही त्याच दोन समांतर रेषांमध्ये, म्हणून उंची सारखी. हे एकदा स्वतःच्या तोंडानं सांगितलं की प्रमेय पाठ करायची गरजच राहत नाही, अक्षरं बदलून दिली तरी लिहिता येतं.

आणि हुशार मुलीचा वेळ वाया जात नाही हे तिच्या आईला जरूर सांग. आमच्यात ती मीच होते. मला एपीचं, म्हणजे अंकगणिती श्रेढीचं, एनवं पद काढायचं सूत्र येत होतं, पण ए अधिक कंसात एन वजा १ गुणिले डी, यातला वजा १ का, हे एकीनं विचारल्यावर मला सांगता येईना. दोन दिवस डोक्यात तेच. मग शेताचं कुंपण बघून सुचलं, १० खांब रोवले तर मधल्या जागा ९ च, पहिल्या खांबापर्यंत जायला काहीच चालायला लागत नाही. ते सांगताना मलाच पहिल्यांदा ते सूत्र खरं कळलं.

अजून एक, आपल्याकडच्या पोरींची नेहमीची अडचण. माझा आतेभाऊ महाराष्ट्रातला, गडहिंग्लजचा, त्यानं प्रेमानं त्याची गाईडं पाठवली आणि आम्ही पंधरा दिवस त्यातली गणितं करत बसलो. महाराष्ट्रात दहावीला गणिताचे भाग १ आणि भाग २ असे वेगळे पेपर, त्यात जीएसटी, शेअर्सचा धडा, वर्तुळात आंतरलिखित कोन वगैरे, ते आपल्याला नाहीच. आपला एकच ८० मार्कांचा पेपर आणि २० शाळेचे. भाषा मराठी म्हणून पुस्तक आपलं होत नाही, त्यामुळं आपलं पाठ्यपुस्तक आणि बोर्डाच्या मॉडेल प्रश्नपत्रिका एवढंच धरा. आणि बोलताना मराठी शब्दाबरोबर इंग्रजी शब्दही म्हणा, स्पर्शिका म्हटलं की टँजंट, पुढं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स घेतलंत तर सगळं इंग्रजीतनं असतं, मला पहिले दोन महिने रडू यायचं फक्त शब्दांमुळं.

गप्पांचं म्हणशील तर त्या होणारच, मैत्रिणी आहात. आधी प्रत्येकीनं घरी एकटीनं गणित करून यायचं, अडलेल्या ओळीवर पेन्सिलनं खूण करायची आणि भेटल्यावर फक्त त्या खुणा घ्यायच्या, तासाभरात संपतं, मग गप्पा मारा की खुशाल. वेळ लावून पूर्ण पेपर सोडवणं मात्र एकटीनंच, ते चौघींनी मिळून करायचं काम नाही.

राहिली ती न बोलणारी. तिला सगळ्यांसमोर उभी करू नका. तिनं रात्री घरातनं फक्त तुला एकटीला व्हॉइस मेसेज पाठवायचा, एकच गणित, चुकलं तरी चालेल. आमच्यातली अशीच एक पहिल्या दिवशी अकरा सेकंद बोलली होती, मे महिन्यात तिचे चार चार मिनिटांचे मेसेज यायचे आणि ते ऐकायला मी शेतापर्यंत चालत जायचे.