यादी मागू नकोस

प्रिय मित्रा,

आयुष्य घडवणारे दहा अल्बम सांगा, असं तू लिहिलं आहेस. यादी देणार नाही. एकदा यादी हातात आली की माणूस ती उरकायच्या मागे लागतो. दोन आठवड्यांत दहाही अल्बम ऐकून होतील, आणि अकरावा कोणता म्हणून पुन्हा पत्र येईल.

त्यापेक्षा एकच घे. कोणताही घे, पण महिनाभर त्यालाच धरून राहा. क्रम मोडायचा नाही आणि नावडतं गाणं गाळायचं नाही.

आमच्या पिढीला हे आपोआप जमलं, त्यात आमची काही थोरवी नव्हती. कॅसेटवरचं एखादं गाणं टाळायचं तर फास्ट फॉरवर्ड दाबून अंदाजाने थांबावं लागे, आणि नव्वद टक्के वेळा टेप पुढच्या गाण्याच्या मधोमध येऊन पडे. मग मागे जा, पुन्हा चुका. कंटाळून आम्ही ते गाणं ऐकून घेत असू. गंमत अशी की पुढे लळा लागला तो बऱ्याचदा त्याच गाण्यांचा. पहिल्या ऐकण्यात मनात भरलेली गाणी मात्र लवकर विटली. तुझ्या पिढीला ही सक्ती स्वतःवर लादून घ्यावी लागेल, एवढाच फरक. 'हल्ली अल्बम कुठे राहिले' म्हणून गळा काढणाऱ्यांत मी नाही.

क्रमाचं म्हणशील तर 'कॉल ऑफ द व्हॅली' घे. १९६७ सालचा, शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस त्यात मांडला आहे. अहिर भैरव रागाने सकाळ होते, पुढे पिलू, भूप, देस, आणि शेवटी पहाडी. मी तो ऐकायला लागलो तेव्हा रागांची नावंही धड माहीत नव्हती. तरी भूप लागला की दिवस कलतोय हे कानाला कळायचं. रागाची वेळ मला कुणी शिकवली नाही, त्या क्रमाने शिकवली. तोच अल्बम शफलवर, म्हणजे उलटसुलट क्रमाने, टाकलास तर पहाडीनंतर पहाट होईल. वाजवणारे तेच, सूर तेच, पण मेंढपाळाचा दिवस गेला.

आणखी एक गोष्ट. तुझ्या वाट्याला अल्बमची जी प्रत येईल, ती तुझी. जॅझ ट्रम्पेटवादक माईल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' १९५९ साली दोन बैठकींत ध्वनिमुद्रित झाला. पहिल्या बैठकीत टेपचं यंत्र किंचित हळू फिरत होतं. त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर तबकडीची पहिली बाजू थोडी जलद आणि थोडी वरच्या सुरात ऐकू येई. दुरुस्त आवृत्ती यायला १९९०चं दशक उजाडलं. म्हणजे तीसेक वर्षं लोक त्या चढ्या सुरातल्या संगीतावरच वाढले. त्याच्या सोबत वाजवून शिकणाऱ्यांना आपलं वाद्य थोडं चढवून घ्यावं लागत असणार! त्यांचं ऐकणं खोटं होतं, असं कोण म्हणेल?

माझ्याकडेही अशीच एक प्रत होती. मित्राने साठ मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिलेली. एका बाजूला तीस मिनिटं मावतात आणि मूळ बाजू त्याहून थोडी लांब होती, त्यामुळे शेवटचं गाणं ओळीच्या मध्येच तुटायचं. 'खट्' असा आवाज आणि बटण वर. पुढे मूळ प्रत मिळाली, ती ओळ पूर्ण ऐकली, आणि मला ती चक्क फुकट लांबवल्यासारखी वाटली. आजही त्या जागी माझा कान 'खट्'ची वाट बघतो.

तेव्हा कोणती आवृत्ती चांगली, कोणते हेडफोन घ्यावेत, यात वेळ घालवू नकोस. ते प्रश्न नंतरचे. अल्बमवर लोकांनी काय लिहिलंय तेही महिनाभर वाचू नकोस. दुसऱ्याचं मत एकदा कानात शिरलं की लवकर निघत नाही. अल्बमच्या पाठीवरची नावं मात्र वाच. तबला कुणाचा, बास कुणी वाजवला. पुढचा अल्बम त्या नावांतूनच सापडेल, माझ्या यादीची गरज पडणार नाही.

शफल आधी बंद कर. २०२१ साली गायिका अडेलने सांगितल्यावर स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या अ‍ॅपने अल्बमच्या पानावर शफलला दिलेलं अग्रस्थान काढून घेतलं, पण ते बटण शोधणाऱ्याला आजही सापडतंच.

महिना झाला की लिही. अल्बम आवडला की नाही हे नको. एक गाणं संपल्यावर पुढच्याचा पहिला सूर, तो वाजायच्या आधीच, तुझ्या मनात कधी वाजायला लागला, आणि कोणत्या गाण्यापाशी, तेवढं कळव.