वय थोपवणारी स्टेम सेलची सलाईन

प्रश्न : बाबा 71 वर्षांचे आहेत. चाल मंदावलीय, हातातली पकड सैल झालीय. एका केंद्रानं स्टेम सेलची (मूळ पेशींची) सलाईन सुचवली आहे. ‘ही चाचणी आहे, सीटीआरआयमध्ये (देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत) नोंद आहे’ म्हणतात, पण पैसे आगाऊ मागतात. भरावेत का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : भरू नका. चाचणीतलं औषध रुग्णाला विकत देत नाहीत. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार स्टेम सेलचा नेहमीचा उपचार फक्त रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांतल्या प्रत्यारोपणापुरता मान्य आहे. बाकी सगळं मंजूर चाचणीतच.

नोंद म्हणजे परवानगी नव्हे, फसगत इथंच होते. केंद्राकडून नोंद क्रमांक मागा आणि सीटीआरआयच्या संकेतस्थळावर स्वतः उघडा. डीसीजीआयच्या (केंद्रीय औषध नियंत्रकांच्या) मंजुरीचा रकाना आधी पाहा, मग नीतिसमितीचा (चाचणीत रुग्णांचं हित जपलं जातंय का, हे तपासणारी समिती). चाचणीच्या ठिकाणांत हेच रुग्णालय आहे का? आजार कोणता लिहिलाय? गुडघ्याच्या झिजेसाठीची नोंद वार्धक्याला चालत नाही.

शास्त्र कुठवर आलंय? अमेरिकेतल्या मायामीत दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशींची अशक्त वृद्धांवर चाचणी झाली. निष्कर्ष 2017 मध्ये आले. माणसं 30, तीन गट : 10 कोटी पेशी, 20 कोटी पेशी आणि पेशी नसलेलं नुसतं द्रावण. सहा मिनिटांत चाललेलं अंतर 10 कोटींच्या गटात वाढलं, 20 कोटींच्या गटात तसं दिसलं नाही. म्हणजे ‘जास्त पेशी, जास्त गुण’ हा दावा टिकत नाही, आणि दहा-दहा माणसांवरून उपचारही ठरत नाही. आयुष्य वाढतं का, हे तर त्यात मोजलंच नव्हतं.

प्रश्न : पेशी शिरेतून जातात कुठे? धोका काय?

उत्तर : बहुतेक आधी फुप्फुसात अडकतात, कारण तिथल्या केशवाहिन्यांपेक्षा त्या मोठ्या असतात. काही दिवसांत नष्टही होतात. परिणाम झालाच तर त्यांनी सोडलेल्या द्रव्यांमुळे, असं मानलं जातं. गुठळी होणं आणि जंतुसंसर्ग हे मोठे धोके. गोठवलेल्या पेशी वितळवताना बऱ्याच मरतात, म्हणून त्याच बॅचच्या तपासणीचा दाखला हवा : जिवंत पेशींचं प्रमाण (साधारण 70 टक्क्यांच्या वर), शिवाय जंतू, मायकोप्लाझ्मा (अतिसूक्ष्म जिवाणू) आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंतलं विषारी द्रव्य) यांच्या तपासण्या. दाखला मिळत नसेल तर सुई टोचून घेऊ नये.

बाबांना आधी एम्स किंवा मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत दाखवा. हिमोग्लोबिन, बी12, डी जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर तपासून घ्या. मंद चालीमागं यातलं काही निघालं तर त्यावर औषध आहे. डॉक्टरांनी हरकत घेतली नाही तर खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्याचा व्यायाम रोज 8-10 वेळा, दोन फेऱ्या. सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहावं.