पहिल्याच तासाला गुणपत्रक नको

मॅडम, स्प्रेडशीट (संगणकावरचा घरांचा तक्ता) शिकवताना गुणपत्रकाच्या बेरीज-सरासरीने सुरुवात करू नका. सातवीची पोरं दहा मिनिटांत जांभया देतात. मी रांगोळीपासून सुरू करतो.

स्तंभांची रुंदी कमी करून चौकोनी घरं करून घ्या. कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये (घरातल्या आकड्याप्रमाणे आपोआप रंग देणारी सोय) १ ला लाल, २ ला पिवळा, ३ ला हिरवा रंग लावा. मुलांनी ए१ (ए स्तंभ, पहिली ओळ) ते एच८ एवढ्याच ६४ घरांत आकडे भरायचे. रांगोळीचे उरलेले तीन चतुर्थांश भाग आरशातल्यासारखे सूत्रांनी उमटवायचे: आय१ मध्ये =एच१, जे१ मध्ये =जी१, असं पी१ पर्यंत; खालच्या अर्ध्यातही तसंच, ए९ मध्ये =ए८.

इथे गंमत होते. कोणीतरी आय१ चं सूत्र सरळ उजवीकडे ओढतं आणि ओळीचा अख्खा उजवा अर्धा भाग एकाच रंगाचा होतो, कारण जे१ मध्ये =आय१ येतं. लगेच सांगू नका, त्यांना डोकं खाजवू द्या. तेच सूत्र खाली ओढलं तर मात्र बरोबर येतं. का, ते त्यांनाच शोधू द्या. सापेक्ष संदर्भ (सूत्र ओढलं की त्यातला घराचा पत्ताही सरकतो) एवढा पक्का फळ्यावर कधी झाला नव्हता माझ्याकडून.

नमुना दाखवाल तर तीसही रांगोळ्या तुमच्यासारख्याच येतील. मी ती चूक दोन वर्षं केली. आणि संगणक कमी असतील तर आधी चौकटीच्या वहीत काढून आणायला सांगा.