जर्मनीतल्या यजमान कुटुंबाला पहिलं पत्र

प्रिय दोस्ता,

दहा महिने ज्यांच्या घरी राहायचंय, त्यांच्यासाठी लिहिलेला तुझा मसुदा वाचला. दहावीचे टक्के, स्कॉलरशिप, तबल्याच्या परीक्षा असं सगळं नीटनेटकं आहे. पण ते वाचून सोमवारी रात्री तुझ्या ताटात काय वाढायचं, हे त्या घराला कळत नाही. टक्के तुला तिकडे पाठवणाऱ्या संस्थेच्या अर्जात गेलेच आहेत, ते इथून काढ.

पत्र एका पानाचं ठेव. सुरुवातीला 'लीबे फामिलीए' (प्रिय कुटुंब), पुढे त्यांचं आडनाव, मग स्वल्पविराम. त्याखालच्या ओळीचं पहिलं अक्षर लहान लिपीत येतं, ते नाम असेल तरच मोठं. शेवटच्या 'फीले ग्र्यूसे'नंतर (म्हणजे 'अनेक शुभेच्छा'नंतर) स्वल्पविराम नसतो. घरातल्या सगळ्यांना मिळून 'ईअर' (जवळिकीचं 'तुम्ही') म्हण, ते उद्धट वाटत नाही. त्यांनी पत्राखाली नुसती पहिली नावं लिहिली असतील, तर तूही त्याच नावांनी हाक मार. काका-काकू तिकडे चालत नाहीत. जीभ अडखळेल, पण आठवड्यात सवय होते.

नावाबद्दल दोन वाक्यं हवीत. तुझं नाव इंग्रजीत 'जे'नं सुरू होतं आणि जर्मन माणूस त्याचा 'य' करणार. नाव स्वतः उच्चारून दहा सेकंदांचा ध्वनिसंदेश सोबत पाठव. पासपोर्टवर तुझ्या नावापुढे वडिलांचं नाव आहे. ते तुझंच दुसरं नाव आहे असं त्यांना वाटेल, म्हणून तेही स्पष्ट कर.

आता जेवण. बहुतेक घोटाळे इथेच होतात. 'मी सगळं खातो' हे वाक्य खोड. चिकन, मटण, मासे खाणारं आपल्याकडचं पोर 'मी मांसाहारी' असं लिहितं आणि तिकडे पहिल्याच आठवड्यात डुकराचं हॅम किंवा गोमांसाचा रस्सा समोर येतो. खिमा घातलेल्या पास्त्याच्या सॉसमध्ये तर ही दोन्ही मांसं अनेकदा मिसळलेली असतात. काय चालतं आणि काय नाही, ते प्राण्याचं नाव घेऊन लिही. शाकाहारी असशील तर अंड्याचं वेगळं सांग, कारण तिकडच्या शाकाहारात अंडं धरलेलं असतं. केकमध्ये ते असतंच, 'श्पेट्झले' नावाच्या शेवयांतही असतं. गमी बेअरच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, बहुधा डुकराचं. उपवास करत असशील तर तारखा आधीच दे.

तुमच्याकडे रात्री नऊला जेवतात हेही लिही. तिकडे पुष्कळ घरांत संध्याकाळी सहा-सातला ब्रेड, चीज आणि थंड मांसाचे काप असं जेवण उरकतं. गरम जेवण दुपारी झालेलं असतं. आधी माहीत असलं की कोणी दुखावत नाही.

आणखी एक गोष्ट, पत्रापेक्षा पहिल्या संध्याकाळी जास्त लागेल. आपल्याकडे दोनदा 'नको नको' म्हणून तिसऱ्यांदा घेतात. तिकडे आग्रह नाही. एकदा विचारतात, नाही म्हटलंस की भांडं पुढे सरकतं. आणखी वाढू का विचारल्यावर नुसतं 'डांके' (धन्यवाद) म्हटलंस, तरी ते 'नको' असंच धरलं जाऊ शकतं. हवं असेल तर 'या, गेर्ने' (हो, आनंदानं) म्हण. किती पोरं केवळ सभ्यपणापायी उपाशी झोपतात!

दमा, रोजचं औषध, मांजराच्या केसांची ॲलर्जी, कुत्र्याची भीती यातलं काहीही लपवू नकोस. तिकडचं कुत्रं अंगणात बांधलेलं नसतं, सोफ्यावर शेजारी येऊन बसतं. आत्ता सांगितलंस तर संस्था दुसरं घर बघते. तिथे गेल्यावर घर बदलणं दोन्हीकडे जिव्हारी लागतं.

आवडींची यादी नको, एकच आवड तपशिलात सांग. 'मला संगीत आवडतं' यावर कोणी काय बोलणार? 'रोज अर्धा तास तबला वाजवतो, शेजारी कुरकुरतात' यावर लगेच प्रश्न येईल: वाजवायचा कधी? रात्री दहा ते सकाळी सहा तिकडे शांतता पाळतात, रविवारी दिवसभर. सराव त्याबाहेर ठेवायची तयारी पत्रातच दाखव.

फोटो चार पुरेत, स्टुडिओतला एकही नको. घरच्यांचा एक हवाच, खाली प्रत्येकाचं नाव आणि नातं लिहून.

भेटवस्तूचं आईला आजच सांग. पेढे, बर्फी, तूप नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. आंब्यालाही प्रमाणपत्र लागतं. चकली किंवा गुळाची चिक्की न्यायला हरकत नाही. घटक पदार्थ जर्मनमध्ये लिहून डब्यावर चिकटव, शेंगदाण्याची ॲलर्जी त्यांच्याकडेही कोणाला असू शकते.

नवा मसुदा रविवारपर्यंत पाठव. व्याकरण मी तपासेन, वाक्यं तुझीच राहू देत.

तुझा,
मार्गदर्शक