केरीकरांचा ‘येरा’

प्रश्न डब्लिनमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा आहे. थोडक्यात असा : जुलै २०२५मध्ये गेलिक फुटबॉलचा (हा आयर्लंडचा स्वतःचा खेळ, त्यात काउंट्यांचे म्हणजे जिल्ह्यांचे संघ भिडतात) ऑल-आयर्लंड अंतिम सामना होता, केरी विरुद्ध डोनेगॉल. ऑफिसातला केरीचा सहकारी आठवडाभर मान हलवत म्हणत होता, “येरा, आमचं यंदा काही खरं नाही.” यांनीही सहानुभूतीनं “हो, अवघडच दिसतंय” म्हटलं, तर गडी एकदम गप्प झाला. रविवारी केरीनं दहा गुणांनी सामना मारला. सोमवारी तोच माणूस म्हणाला, “येरा, नशीब होतं.” तर हा ‘येरा’ म्हणजे नेमकं काय? तो आपल्या ‘यारा’चा किंवा ‘येरागबाळ्या’तल्या ‘येरा’चा कुणी लागतो का? आणि गडी गप्प का झाला?

मधला प्रश्न आधी निकालात काढू. नातं काही नाही. ‘यार’ फारसीतून आलेला, त्याचा अर्थ मित्र. केरीचा माणूस ‘येरा’ म्हणतो तेव्हा तो कुणाला हाक मारत नसतो. येरागबाळ्यातला ‘येर’ संस्कृत ‘इतर’पासून झिजत आलेला, म्हणजे ‘दुसरा कुणी, सोम्यागोम्या’. गंमत अशी की केरीकर स्वतःच्या संघाबद्दल जे बोलतात त्यावरून तो संघ येरागबाळाच वाटावा. पण ध्वनी जुळले, अर्थही ओढूनताणून जुळला, म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. अशा जोड्या लावण्याचा मोह मराठी माणसाला भारी, म्हणून हे जरा ठणकावून सांगतो.

शब्द आयरिश भाषेतला आहे आणि आयर्लंडच्या दक्षिणेच्या, म्हणजे मन्स्टर प्रांताच्या इंग्रजीत तो तसाच राहून गेला. आयरिशमध्ये ‘अरा’, ‘अरू’ आणि ‘येरा’ हे सगळे उद्गार आहेत. उगमाबद्दल दोन मतं दिसतात. एक म्हणतं, मूळ शब्द ‘लक्ष दे, सांभाळ’ अशा अर्थाचा. दुसरं म्हणतं, हे ‘देवा, अरे’ याचं आखडलेलं रूप. मला दुसरं पटतं, कारण त्यात सुरुवातीच्या ‘य’चा हिशेब लागतो. आयरिशमध्ये देव म्हणजे ‘दीआ’, पण हाक मारताना त्यातला ‘द’ मऊ होऊन ‘य’सारखा उच्चारला जातो : ‘अ यीआ’. त्याला ‘अरा’ जोडा आणि भरभर बोला. आपण ‘अरे देवा’ म्हणतो त्याचे हेच दोन घटक, उलट्या क्रमानं. हाही योगायोगच, पण लक्षात ठेवायला सोयीचा.

आता अर्थ. शाळेत केवलप्रयोगी अव्ययं शिकलेल्यांना आठवेल की त्यात विरोधदर्शक नावाचा एक गट असतो : छे, छट, अंहं. ‘येरा’ मी त्या गटात टाकीन. समोरच्यानं जे म्हटलं, किंवा म्हणेल अशी शंका आहे, ते हलक्या हातानं झटकून टाकायचं काम तो करतो. “तुम्ही जिंकणार!” “येरा...” इथे मराठीत सर्वांत जवळचं काय असेल तर “कसचं काय!” किंवा “छे हो!”. ‘अरेरे’ नव्हे, कारण त्यात खरं दुःख आहे. ‘येरा’त दुःख नसतं, दुःखाची तयारी असते, आणि तीही दाखवण्यापुरती.

कारण केरी म्हणजे काही गरीब बिचारा संघ नव्हे. त्या अंतिम सामन्याचा निकाल १-२६ विरुद्ध ०-१९ असा लागला. (वाचताना ‘एक सव्वीस’ म्हणतात. पहिला आकडा गोलांचा, दुसरा गुणांचा. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला की गोल, त्याचे तीन गुण. दांडीवरून दोन खांबांच्या मधून गेला की एक. २०२५पासून ४० मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या किकला दोन गुण मिळतात, तेही या दुसऱ्या, गुणांच्या आकड्यातच धरतात. म्हणजे २९ विरुद्ध १९.) केरीचं हे ३९वं अजिंक्यपद. दुसऱ्या क्रमांकावर डब्लिन आहे, ३१. ज्यांच्या घरात ३९ वेळा चषक येऊन गेला ते “आमचं कसचं काय” म्हणतात तेव्हा सगळ्या देशाला कळतं की हे काय चाललंय. बाकीच्या काउंट्यांमध्ये याला नावच पडलंय : केरीकरांची ‘येरा’गिरी म्हणा हवं तर. त्यांच्या एकूण स्वभावाचं थट्टेतलं नाव म्हणजे हा शब्द.

या सहकाऱ्याला बोलायला त्या वर्षी निमित्तही होतं. जूनमध्ये केरी गटसाखळीत मीथकडून सपाटून हरली होती. टीका झाली. त्यानंतर उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या आर्मालाच घरी पाठवलं. एवढं झाल्यावरही ‘येरा’ चालूच. तेव्हा निमित्त हा केवळ बहाणा, सवय जुनी आहे.

सवय का लागली असावी? ‘येरा’ मुळात फुटबॉलचा शब्द नाही, हवापाण्यापासून बाजारभावापर्यंत तो सगळीकडे चालतो; पण फुटबॉलच्या गप्पांत तो इतका का रुजला, यामागे मला दोन गोष्टी दिसतात.

पहिली, या खेळाची रचना. गेलिक फुटबॉल हौशी खेळ आहे. ८२ हजार प्रेक्षकांसमोर डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर खेळलेला शिक्षक सोमवारी वर्गावर हजर. खेळाडू विकत घेतले जात नाहीत, माणूस साधारणपणे आपल्या गावच्या क्लबचा आणि काउंटीचाच असतो. प्रेक्षकांचीही दोन कळपांत विभागणी नसते, कुंपण नसतं. केरीचा काका आणि डोनेगॉलची मावशी शेजारीशेजारी खुर्चीत. शिवाय अर्धा देश डब्लिनमध्ये नोकरीला, म्हणजे प्रतिस्पर्धी हा शेजारच्या टेबलावरचा, नाहीतर थेट बायकोचा भाऊ. अशा माणसासमोर छाती ठोकायची म्हणजे हरल्यावर वर्षभर त्याचे टोमणे ऐकायचे. त्यापेक्षा आधीच नम्र व्हावं आणि जिंकल्यावर अधिकच नम्र व्हावं. जिंकल्यावरची ती नम्रता हरलेल्याला जास्त झोंबते, हे जिंकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट १९८२ची. केरीनं सलग चार अजिंक्यपदं मिळवली होती, पाचवं कुणालाच आजवर जमलं नव्हतं. तेव्हा मात्र लोक ‘येरा’ विसरले. पाचव्या विजयाचे टी-शर्ट आधीच छापले गेले, गाणंही तयार झालं. सामना संपायला जेमतेम दोन मिनिटं असताना ऑफलीचा बदली खेळाडू शेमस डार्बी यानं गोल केला आणि केरी एका गुणानं हरली : १-१५ विरुद्ध ०-१७. डार्बीच्या त्या गोलाची गोष्ट आयर्लंडमध्ये अजून सांगितली जाते आणि टी-शर्टांसकट सांगितली जाते. सलग पाच अखेर जमले ते डब्लिनला, २०१५ ते २०१९. वर त्यांनी २०२०मध्ये सहावंही घेतलं. केरीकरासमोर हा विषय काढायचा असेल तर चहा पाजून मग काढावा.

‘येरा’चा एक जोडीदार आहे, तोही आयरिशच : ‘प्लॉमॉस’. गोड बोलून फुगवणं. याला आपल्याकडे तयार वाक्प्रचार आहे, हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. ‘येरा’नं स्वतःला खाली आणायचं, ‘प्लॉमॉस’नं समोरच्याला वर चढवायचं. “तुमचा तो पोरगा काय धावतो हो! आमचे बॅक म्हातारे झाले, त्याला कोण धरणार?” ऐकणाऱ्याला कळतं की आपल्याला झाडावर चढवलं जातंय, तरी चार फांद्या तो चढतोच.

अशा माणसाला इतर काउंट्यांतले लोक ‘क्यूट हूर’ म्हणतात. यात दोन्ही शब्द फसवे आहेत. ‘क्यूट’ म्हणजे गोंडस नव्हे, आयर्लंडात त्याचा अर्थ धूर्त, बेरकी. आणि ‘हूर’ हा ‘वेश्या’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तिकडचा उच्चार असला तरी तो बिनदिक्कत पुरुषांना लावतात, त्यात अर्धी शिवी आणि अर्धं कौतुक. मराठी वाचकानं यावर नाक मुरडायचं कारण नाही. मालवणी माणूस मित्राला प्रेमानं ‘रांडेच्या’ म्हणतो तेव्हा तिथेही नेमकं हेच झालेलं असतं. सभ्य मराठीत ‘बेरकी लेकाचा’ बसेल. ‘आतल्या गाठीचा’ त्याहून नेमका, पण त्यात कौतुक उरत नाही.

केरीचे लोक घरातही इतके गोड असतात का? मुळीच नाही. पॉडी ओ शे हे केरीचे मोठे खेळाडू, आठ ऑल-आयर्लंड पदकांचे धनी, पुढे प्रशिक्षक म्हणून १९९७ आणि २००० अशी दोन अजिंक्यपदं मिळवलेले. २००३च्या सुरुवातीला एका मुलाखतीत ते बोलून गेले की केरीचे प्रेक्षक म्हणजे सांभाळायला महाकठीण, जनावरंच (मूळ विशेषण इथे छापत नाही). गदारोळ झाला, त्यांना माफी मागावी लागली. पण त्यातून घरातली भाषा बाहेर आली. बाहेरच्यांसमोर “येरा, पोरं नवी आहेत”, आणि आपसांत त्याच पोरांची साल काढायची. त्याच वर्षी उपांत्य सामन्यात टिरोननं केरीला बचावाच्या जाळ्यात गुदमरवून ०-१३ विरुद्ध ०-६ हरवलं, तेव्हा केरीचेच माजी खेळाडू पॅट स्पिलेन टीव्हीवर बसून त्याला ‘ओकारी आणणारं फुटबॉल’ म्हणाले. तिथे ‘येरा’ औषधाला नव्हता. टिरोननं त्या वर्षी आपलं पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवलं आणि त्यांचे समर्थक ते शब्द अजून मिरवतात.

सगळीकडेच असं आडून बोलतात असं समजू नका. पश्चिमेच्या मेयो काउंटीचे लोक पाहा. त्यांनी शेवटचा चषक १९५१ला जिंकला. त्यानंतर १९८९पासून २०२१पर्यंत अकरा वेळा अंतिम फेरीत पोचून ते हरले. विजयी संघ गावी परतताना एका अंत्ययात्रेसाठी थांबला नाही म्हणून शाप लागला, अशी दंतकथा आहे. मेयोचे लोक तिला हसतात आणि विसरतही नाहीत. तरी दर उन्हाळ्यात त्यांची घोषणा सरळ : ‘मेयो फॉर सॅम’. सॅम म्हणजे चषक. पूर्ण नाव सॅम मॅग्वायर, पण चषकाला कुणी आडनावानं हाक मारत नाही, “सॅम यंदा हिवाळ्याला कुणाकडे राहणार?” असं घरच्या पाहुण्यासारखं विचारतात. एवढं हरूनही उघडपणे आशा बोलून दाखवणाऱ्या मेयोची सगळे थट्टा करतात आणि मनातून सगळ्यांना तेच आवडतात. ३९ वेळा जिंकून नाही-नाही म्हणणाऱ्या केरीबद्दल असं कुणी म्हणणार नाही. मीही नाही.

आता गप्प झालेला गडी. एखाद्या सुगरणीनं पान वाढताना म्हटलं, “आज आमटी जरा फसलीच हं,” तर आपण “हो, फसलीच आहे” म्हणतो का? ‘येरा’ हे विधान नसून आमंत्रण आहे. “छे, तुम्हीच मारणार!” हे उत्तर त्याला अपेक्षित होतं, मग त्यानं पुन्हा “येरा” म्हणायचं, मग तुम्ही एखाद्या खेळाडूचं नाव घ्यायचं (डेव्हिड क्लिफर्डचं घेतलं तर वादच नाही), मग त्याच्या गुडघ्याची काळजी, असं दहा मिनिटं चाललं असतं. तुम्ही पहिल्याच फेरीत खेळ संपवलात. त्याला अपमान वाटला असेलच असं नाही, पण पुढे बोलायला जागा उरली नाही.

जाता जाता दोन खबरदाऱ्या. एक, हा शब्द दक्षिणेचा आहे, कॉर्कमध्येही ऐकाल. डोनेगॉल किंवा टिरोनच्या माणसाच्या तोंडी तो घालू नका; उत्तरेत ‘ऑख’ म्हणतात, त्याचा सूर निराळा. दोन, स्वतः केरीच्या माणसासमोर ‘येरा’ म्हणू नका. नक्कल केल्यासारखं वाटतं, कारण बाकीचे आयरिश लोक तो शब्द नकलेसाठीच वापरतात. हरल्यावर सांत्वन करायचं असेल तर सगळ्या देशात चालणारं ‘शुअर लुक’ आहे. त्यापुढे वाक्य पुरं करावं लागत नाही. आपलं ‘चालायचंच’ जसं एकटं उभं राहतं तसंच. देवनागरीत ‘येर्रा’ लिहू नये. इंग्रजीत ‘र’ दोनदा लिहिला तरी उच्चारात तो एकच आहे, आणि जोर पहिल्या अक्षरावर येतो.