संख्याशास्त्र शिकणाऱ्याने ऑटोमन अभ्यासगटात जाऊन करायचं काय?

तुम्ही जर्मनीत संख्याशास्त्रात एमएससी करताय, विद्यापीठात ऑटोमन साम्राज्यावर सगळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांचा गट आहे, आणि इतिहास दहावीनंतर सुटला म्हणून बिचकताय. बिचकू नका, जा. मी पाणी व्यवस्थापन शिकत असताना बाहेरच्या एका विद्यापीठात अशाच गटात बसायचो.

एकदा आमच्यापुढे अनातोलियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, एका जिल्ह्याच्या १६व्या शतकातल्या करनोंदी होत्या. त्यांना तहरीर म्हणतात. गावागणिक घरं लिहिलेली, बिनलग्नाचे पुरुष वेगळे, बायका-मुलांचा पत्ताच नाही. मग लोकसंख्या काढायची कशी? ओमेर लुत्फी बार्कान या तुर्की इतिहासकाराने घरटी पाच माणसं धरली आणि पुढे तोच आकडा सर्रास चालला. आमच्यातली संख्याशास्त्रवाली म्हणाली, पाचच का? चार धरली तर? झालं, संध्याकाळ त्यातच गेली.

खरी गंमत पुढेच. अवारिझ म्हणजे मुळात युद्धासारख्या अडीनडीला घ्यायचा जादा कर. १७व्या शतकातल्या त्याच्या गोषवाऱ्यात घरं धडाधड कमी झालेली. गावं ओस पडली, असंच कुणालाही वाटेल. झाडांच्या खोडातली वर्तुळं मोजणाऱ्या पोराने १५९०च्या दशकातला सलग दुष्काळ पुढे केला, इतिहासवाल्यांनी जलाली बंडं, म्हणजे त्या काळात अनातोलियात झालेले सशस्त्र उठाव. तेवढ्यात अर्थशास्त्रवाली म्हणाली, इथलं ‘घर’ म्हणजे घर नव्हेच. ऐपत बघून अनेक कुटुंबं मिळून कराचं एक घर धरायचे. दुष्काळ खरा, बंडंही खरी, पण घट किती खरी आणि किती कागदावरची, हे काढायला तुमच्यासारखं माणूस लागतं.

लिपीची धास्ती नको. ऑटोमन तुर्की अरबी लिपीत लिहायचे. तुर्कस्तानने १९२८ साली रोमन लिपी घेतली, त्यामुळे इस्तंबूलच्या मुलांनाही जुनी लिपी नव्याने शिकावी लागते. हिशेबाची सियाकत लिपी तर बहुतेक बिननुक्त्यांची, भले भले अडखळतात. मोडी येत असेल तर अंदाजाने शब्द लावायची सवय कामी येईल, एवढंच.

एक मात्र बघून घ्या. जिथे प्रत्येक जण आपापला पेपर वाचतो आणि बाकीचे माना डोलावतात, त्या गटात वेळ घालवू नका. सगळे एकाच कागदाभोवती बसत असतील तरच मजा. आणि तुर्की, ग्रीक, आर्मेनियन, कुर्द पोरं एका टेबलाशी असली की १९१५ च्या आर्मेनियन नरसंहाराचा विषय कधीतरी निघतोच. तेव्हा मध्यस्थी करायला जाऊ नका, ऐका.

पहिल्या बैठकीआधी त्यांच्याकडून पुढच्या नोंदीचं रोमन लिप्यंतर मागून घ्या. आकडे त्यात असतात. सुरुवातीला तेवढं पुरे.